बर्फाचा कारखाना होता तिथून डावीकडे

सव्हाना शहरात कुठे काय खावं हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही. हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही.

एकवीस वर्षं मी इथे पर्यटकांची ट्रॉली, म्हणजे उघड्या खिडक्यांची बस, चालवतोय. अंगात लाल जाकीट, त्याला पितळी बटणं, डोक्यावर गवती हॅट आणि तोंडासमोर माइक. लोक चौक बघतात, पुतळे बघतात, कोण कुठल्या लढाईत कसा मेला ते ऐकून घेतात आणि उतरताना सगळे एकच प्रश्न विचारतात, "जेवायला कुठे जायचं?" माझं खरं काम तिथे सुरू होतं. कोलंबी कुठे खावी, भेंडी कुठे, तळलेली कोंबडी कुठल्या वारी कुठल्या घरची आणि कुठल्या हॉटेलच्या दारावरून डोळे मिटून पुढे जावं, सगळं मला पाठ आहे. मी आठवड्यातून किती जेवतो ते माझ्याकडे बघून कोणालाही कळतं, त्यामुळे विश्वासही लगेच बसतो.

तर माझ्या मुलीचं, कमीलचं लग्न ठरलं. मुलगा पीटर लिंडक्विस्ट. निर्व्यसनी, नोकरीवाला, माझे विनोद दुसऱ्यांदा ऐकतानाही हसणारा. खोट एकच, मिनेसोटाचा, अमेरिकेच्या पार उत्तरेचा. त्याच्या आईवडिलांचं म्हणणं पडलं की लग्न त्यांच्या गावी व्हावं, जानेवारीत. जानेवारीत तिथे गोठलेल्या तळ्यावरून मोटारी चालवतात म्हणे, आणि हे ते अभिमानाने सांगतात.

माझ्या बायकोने, व्हर्डेलने, पहिले दोन दिवस काहीच म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हणाली, "आईचं काय?" माझ्या सासूबाई एक्क्याण्णव वर्षांच्या. विमानात त्या बसणार नाहीत, थंडी त्यांना सोसणार नाही. कमीलला लहानपणी त्यांनीच सांभाळलं. तिकडे लग्न म्हणजे त्यांच्याशिवाय लग्न, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

शेवटी असं ठरलं की व्याही आणि विहीणबाई तीन दिवस आमच्याकडे येतील, गाव बघतील, माणसं बघतील आणि मग काय ते ठरवतील. कमीलने मला बाजूला घेतलं.

"बाबा, तुम्ही एकच करायचं. त्यांना चांगलं जेवायला घालायचं."

"ते काय मला सांगायला हवं?"

"आणि कमी बोलायचं."

"म्हणजे दोन झाली."

"बाबा."

"बरं."

आर्विड आणि सोल्वेग शुक्रवारी संध्याकाळी आले. दोघं उंच, पांढरी, स्वच्छ. आर्विडला दिवसाला दहाएक शब्द पुरत असावेत. सोल्वेग हसायची, मान डोलवायची आणि जे दिसेल ते छोट्या वहीत लिहून घ्यायची. त्यांच्या मनात काय चाललंय याचा काही म्हणता काही पत्ता लागत नव्हता. आमच्याकडे माणूस नाराज असला तर अंमळ जास्तच गोड बोलतो, त्यावरून ओळखता येतं. ही माणसं सारखीच गोड होती.

शनिवारी दुपारी त्यांना मिस अर्लीथाकडे पाठवायचं मी ठरवलं. अर्लीथाची खानावळ हा माझ्या यादीतला हुकमाचा एक्का. पाटी नाही, मेनू नाही. एक वाजला की घरातल्या लांब टेबलाभोवती ओळखीचे-अनोळखी सगळे एकत्र बसतात, हात धरून प्रार्थना करतात आणि मग वाडगे फिरायला लागतात. तिथे जेवून नाराज झालेला माणूस मी पाहिलेला नाही. उशिरा आलेल्याला मात्र ती दारातूनच परत पाठवते, मग तो गव्हर्नर का असेना.

मला स्वतःला जाता येत नव्हतं, अकराची फेरी होती. व्हर्डेल आणि कमील लग्नाच्या झग्याचं माप द्यायला गावाबाहेर जाणार होत्या. तेव्हा व्याही-विहीणबाई दोघंच.

आता इथे दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. मी ती टाळत होतो.

त्याच शनिवारी हेझेकाया बोवेन्सचा दफनविधी होता. हेझेकाया घोडागाडी चालवायचा. पर्यटक त्याचे आणि माझे सारखेच, त्यामुळे सल्ल्यावरून आमची जुनी चुरस. तो म्हणायचा, गावात भरलेला खेकडा खावा तर माझ्या बायकोच्या, ओटोलीनच्या हातचा. मी म्हणायचो, अर्लीथाचा. अकरा वर्षांपूर्वी एकदा चौकात गर्दीत त्याची गाडी माझ्या ट्रॉलीशेजारी थांबली. त्याने माझ्या प्रवाशांना ओरडून सांगितलं, "या माणसाचं ऐकू नका, याला चव नाही." माझ्या हातात माइक होता. मी म्हणालो, "मंडळी, यांच्या घरचा खेकडा मांजराला घातला तर मांजर घर सोडून जाईल." चाळीस माणसं हसली. हेझेकाया हसला नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

तरी रोज सकाळी दहाला आम्ही त्याच चौकात समोरासमोर यायचो. तो चाबूक वर करायचा, मी घंटा वाजवायचो. तो काही नमस्कार नव्हता. गेल्या आठवड्यात मी सवयीने घंटा वाजवली आणि समोर कोणी नव्हतं. मला वाईट वाटलं. न बोलायलासुद्धा समोर माणूस लागतो.

व्हर्डेलने आदल्या रात्रीच काचेच्या भांड्यात लाल भात करून ठेवला होता. आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरी चूल पेटू देत नाहीत, शेजारीपाजारी भांडी भरभरून नेतात. भांडं चुकू नये म्हणून तळाला नावाची पट्टी चिकटवतात. तशी आमचीही होती, 'स्टाइल्स'. आणि झाकणावर व्हर्डेलची चिठ्ठी, 'आज दुपारी. विसरू नकोस.'

"फेरी संपली की नेऊन दे आणि थोडा वेळ बस," ती म्हणाली.

"हो हो, जातो," मी म्हणालो.

मी जाणार नव्हतो. ओटोलीनला तोंड कसं दाखवायचं? रविवारी गर्दी पांगली की भांडं ओसरीवर ठेवून पळून यायचं, असा माझा बेत होता.

न्याहारीला मी व्याह्यांना खानावळीचा रस्ता समजावला.

"पत्ता?" आर्विडने फोन काढत विचारलं.

"पत्ता कशाला? घराचे नंबर कोण लक्षात ठेवतं? या ओकच्या झाडांखालून सरळ जा. बर्फाचा कारखाना होता तिथून डावीकडे वळा."

"होता?"

"पाडला. सदुसष्ट साली."

"मग वळायचं कुठे?"

"तो होता तिथे."

आर्विडने फोन परत खिशात ठेवला.

"मग तुतीचं झाड लागेल," मी म्हणालो.

"आहे?" सोल्वेगने वहीतून मान वर केली.

"वादळात पडलं. पण जागा कळते. नाहीच कळलं तर बाकावर म्हातारे बसलेले असतात, त्यांना विचारा. तिथून तिसरं घर, ओसरीचं छत निळं. दारात माणसं दिसतील, बाहेर गाड्यांची रांग असेल. दार वाजवू नका, सरळ आत जा. कोणी विचारलंच तर सांगा, अलोन्झो स्टाइल्सने पाठवलंय, गावातलं सगळ्यात चांगलं जेवण इथेच मिळतं असं म्हणाला. खुर्ची दिसेल तिथे बसा, पुढे येईल ते घ्या. हात धरून प्रार्थना करतील, तुम्हीही धरा. मेनू मागू नका, बिल मागू नका, ते मी बघतो. उठताना आपली ताटली आपणच स्वयंपाकघरात न्या. अगदी कोणाच्या घरी गेल्यासारखं समजा."

"कोणाच्या घरी गेल्यासारखं," सोल्वेगने लिहून घेतलं.

यातलं एक तरी वाक्य चुकीचं होतं का? मी आजही विचारतो. निळ्या छताचं म्हणाल तर सव्हानात निळं छत नसलेली ओसरी शोधावी लागते. निळं छत भुतांना पाणी वाटतं, पाणी त्यांना ओलांडता येत नाही आणि ती घरात शिरत नाहीत, हे इथे भुतांनासुद्धा ठाऊक आहे. पण हे मिनेसोटात कोणी शिकवत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

एकला दहा कमी असताना, ट्रॉली बाजारपेठेशी असताना सोल्वेगचा फोन आला.

"सापडलं. तुम्ही म्हणालात तसं बाकावर एका आजोबांना विचारलं. केवढ्या गाड्या आहेत बाहेर. आणि सगळे किती नीटनेटके कपडे घालून आलेत."

"आमच्याकडे जेवणाला मान असतो," मी म्हणालो आणि माइकवरून प्रवाशांनाही कळवलं की माझे व्याही पहिल्यांदाच गावात आलेत आणि नुसत्या तोंडी सांगण्यावर अचूक पोचलेत.

"दारातल्या बाईंनी मला मिठी मारली."

"मारणारच."

"आर्विडलाही मारली. त्याला सवय नाही. तो अजून ओसरीवरच उभा आहे."

अर्लीथाने आजवर कोणालाही मिठी मारलेली नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. मला तिथेच खटकायला हवं होतं. पण माझ्यामागे चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती, आणि टाळ्या वाजत असताना मला फारसं काही खटकत नाही.

दीड वाजता फेरी संपली. शेवटचा गोड घास तरी व्याह्यांबरोबर खावा म्हणून मी लाल जाकिटातच अर्लीथाकडे गेलो. अर्लीथा दारात हात कमरेवर ठेवून उभी होती.

"कुठे आहेत तुझे पाहुणे?"

"आत."

"आत माझ्या दोन रिकाम्या खुर्च्या आहेत. सतरा वर्षांत माझ्या टेबलाशी रिकामी खुर्ची राहिलेली नाही. तुझ्यासाठी मी शेंगांची उसळ दोनदा गरम केली, अलोन्झो. दोनदा गरम केलेली उसळ मी खात नाही आणि कोणाला घालत नाही."

मी फोन लावला. आर्विडने उचलला. तो कुजबुजत होता.

"आता बोलता येत नाही. पाद्री बोलतायत."

"कुठले पाद्री?"

"शेजारच्या बाई रडतायत. मी रुमाल दिला."

"आर्विड, तुम्ही नक्की कुठे आहात?"

"जेवतोय." मग जरा थांबून, "सगळ्यांना हाताने वारा घ्यायचे पंखे दिलेत. त्यावर दफन करून देणाऱ्यांची जाहिरात आहे. खानावळीत ती बरी दिसत नाही. पण गरम होतंय."

ही अर्लीथाची खानावळ नव्हे, एवढं मला कळलं. तरी माझ्या तोंडून पुढचा प्रश्न गेलाच, सवयच ती. "जेवण कसं आहे?"

"तिसऱ्यांदा घेतलं," म्हणून त्याने फोन ठेवला.

अर्लीथाने सगळं ऐकलं होतं. "कुठून वळायला सांगितलंस त्यांना?"

"बर्फाचा कारखाना होता तिथून."

"कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"सदुसष्टला पाडला तो, की महायुद्धाच्या आधी जळाला तो? बाकावर बसतात ते म्हातारे जळाला तोच सांगणार. त्यांच्या लेखी हा पाडलेला अजून नवा आहे. आणि जळाला तो हेझेकायाच्या गल्लीच्या तोंडाशी होता." तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज हेझेकायाच्या घरी दफनानंतरचं जेवण आहे. तू गेला नाहीस ना?"

मी पळत सुटलो. साठी उलटलेल्या, माझ्या घेराच्या माणसाने जून महिन्यात सव्हानात पळू नये. चार गल्ल्या. डोक्यात एकच चित्र, विहीणबाई मिनेसोटाला फोन करून सांगतायत, 'मुलीच्या बापाने आम्हाला परक्याच्या मयताला जेवायला पाठवलं.' संपलं. लग्न जानेवारीत, तळ्यावर. सासूबाई इथे खिडकीत बसलेल्या. आणि व्हर्डेल. व्हर्डेल काही बोलणार नाही, आणि तेच जास्त वाईट.

ओटोलीनच्या ओसरीवर पांढरे हातमोजे घातलेले चर्चचे एक बुजुर्ग उभे होते. त्यांनी माझं लाल जाकीट पाहिलं, पितळी बटणं पाहिली, हॅट पाहिली.

"अलोन्झो, मयताला हे घालून आलास?"

"कामावरून तसाच आलो."

त्यांनी मुकाट्याने माझ्या हातात एक पंखा दिला.

आत घर माणसांनी भरलेलं. भिंतीशी हेझेकायाचा मोठा फोटो, उंच काळी टोपी घालून घोड्याचा लगाम धरलेला आणि नेमका माझ्याकडे बघून हसणारा. मी व्याह्यांना शोधायला लागलो तोच पाद्री म्हणाले, "आणखी कोणाला चार शब्द बोलायचे आहेत का?"

कोणी उठेना. आणि मग खोलीच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच असा आर्विड लिंडक्विस्ट उभा राहिला.

मी डोळे मिटले.

"मी यांना ओळखत नव्हतो," आर्विड म्हणाला. मग इतका वेळ गप्प राहिला की लोक पंखे हलवायचे थांबले. "आज सकाळी मला या गावात चार माणसं माहीत होती. आता या माझ्या डावीकडे बसलेल्या बाईंच्या गुडघ्याचं सगळं मला माहीत आहे. मी इथे आलो तेव्हा तू कोण, असं मला कोणी विचारलं नाही. जेवलास का, असं विचारलं. ज्याच्या घरची माणसं अशी, तो माणूस चांगलाच असणार." त्याने ताटलीकडे पाहिलं. "आणि खेकडा फार चांगला आहे."

तो बसला. मागून कोणी "आमेन" म्हटलं आणि सगळं घर "आमेन" म्हणालं. गुडघ्यावाल्या बाईंनी त्याचा हात धरून ठेवला. आर्विडने तो सोडवून घेतला नाही.

मी डोळे उघडले तर ओटोलीन माझ्यासमोर उभी होती. काळा झगा, पांढरे केस, आणि गेली अकरा वर्षं बाजारात मला बघून वळायची ती नजर.

"तुझं भांडं पोचलं," ती म्हणाली.

"भांडं?"

"व्हर्डेलचा लाल भात. पट्टी नसती तरी ओळखला असता. तुझ्या विहीणबाई दोन्ही हातांनी धरून घेऊन आल्या."

मला कळेना. मग आठवलं, टेबलावरचं भांडं, त्यावरची चिठ्ठी. 'आज दुपारी. विसरू नकोस.' आणि मीच म्हणालो होतो, कोणाच्या घरी गेल्यासारखं समजा. मिनेसोटाची बाई कोणाच्या घरी रिकाम्या हाताने कशी जाईल?

ओटोलीन हळू आवाजात बोलत होती. "लोक म्हणतायत, अलोन्झोने आधी भात पाठवला, मग आपले नवे नातेवाईक पाठवले, मग कामावरून आहे त्या कपड्यात पळत आला. म्हणतायत, मनाचा मोठा आहे."

आता मला फक्त मान खाली घालून गप्प बसायचं होतं. फुकटात मोठेपणा मिळत होता. पण फोटोतून हेझेकाया हसत होता आणि मला काही ते जमेना.

"मिस ओटोलीन, मी येणार नव्हतो," मी म्हणालो. "मला लाज वाटत होती. हे दोघं चुकून आले. मी त्यांना अर्लीथाकडे पाठवलं होतं."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मी तुला चाळीस वर्षं ओळखते. तू आपण होऊन आला असतास तर मी पाद्र्यांना सांगून तुझ्यासाठी प्रार्थना करवली असती." तिने माझी हॅट माझ्या डोक्यावरून काढली आणि माझ्याच हातात दिली. "पण तुझे व्याही दारात काय म्हणाले, माहीत आहे? मी आपलं विचारलं, तुम्ही कुठून आलात. तर म्हणाले, 'अलोन्झो स्टाइल्सने पाठवलंय. गावातलं सगळ्यात चांगलं जेवण इथेच मिळतं असं म्हणाला.' असं, भर ओसरीवर, वीस माणसांसमोर, मोठ्याने. हेझेकाया अकरा वर्षं हे वाक्य ऐकायला थांबला होता. आठवडाभर उशीर झाला, एवढंच."

तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती हसली.

"आता ते मागे घेऊ नकोस," ती म्हणाली.

"नाही घेत."

"मग बस आणि खा."

मी बसलो. तिने माझ्या ताटलीत भरलेला खेकडा ठेवला. कवचात भरून, शेजारणीच्या चुलीवर का होईना पण तिनेच वरून खरपूस भाजलेला. मी एक घास घेतला, मग दुसरा, आणि मग फोटोकडे बघायचं टाळून तिसरा. इथे एवढंच सांगतो की अर्लीथाच्या कानावर हे कोणी घालू नये.

पोट भरलं तसं पुन्हा भीतीने गाठलं. विहीणबाई कुठे दिसत नव्हत्या. ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर सोल्वेग कमरेला फडकं बांधून भांडी पुसत होती. दोन्ही बाजूंना चर्चच्या बायका, मधे ही. ओळीने ठेवलेली रिकामी भांडी उलटी करून तळाच्या पट्ट्या वाचत होती आणि आडनावाप्रमाणे लावत होती.

"विहीणबाई," मी घसा साफ केला, "माझ्याकडून जरा चूक झाली. ही खानावळ नाही."

"हो," ती म्हणाली. "हे मयताचं जेवण आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"भांडं खाली ठेवताना तळाची पट्टी दिसली. आमच्याकडेही अशीच लावतात. आमच्या चर्चच्या तळघरात प्रत्येक दफनानंतर हेच, फक्त मसाला नसतो." तिने एक वाडगा पुसून ठेवला. "म्हटलं, आता निघून जाणं बरं दिसणार नाही. तोवर दोन बायकांनी मला ताट वाढलं होतं."

"आणि आर्विडना?"

"तो जेवणाचे आभार मानायला उठला होता. त्याला उभं राहिल्यावर कळलं. समोर फोटो होता ना."

म्हणून तो मधेच गप्प राहिला होता. मी हातातली ताटली खाली ठेवली. "तुम्ही रागावला असाल."

सोल्वेगने फडकं खाली ठेवलं. "आम्ही काल रात्री ठरवून टाकलं होतं, लग्न तिकडेच करायचं. तुम्ही छान आहात, पण इथलं कोणी आम्हाला ओळखत नाही. लग्नात आम्ही पाहुण्यांसारखे कोपऱ्यात बसणार, असं आर्विडला वाटत होतं. तो बोलत नाही, पण त्याला वाटतं फार." तिने दारातून बाहेर पाहिलं. आर्विड ओसरीवर हेझेकायाच्या भावांमध्ये बसला होता, हातात गोड चहाचा पेला, आणि काहीतरी सांगत होता. चक्क सांगत होता, हातवारे करून. "मला वाटतं, इथेच करावं. व्हर्डेलच्या आईलाही येता येईल."

मी तिथल्याच एका खुर्चीत बसलो. मला रडू आलं, लपवण्यात काय अर्थ आहे? सगळ्या बायकांना वाटलं मी हेझेकायासाठी रडतोय. त्यातलं थोडं खरंही होतं.

"फक्त एक अट आहे," सोल्वेग म्हणाली. "जेवण या बाईंनी करायचं."

ओटोलीन दारात उभी होती. "करीन," ती म्हणाली, "पण माझ्या खेकड्याविषयी काय वाटतं ते याने त्या दिवशी माइकवर सांगायचं."

संध्याकाळी ओटोलीनने आमचं भांडं परत पाठवलं. इथे भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यात लोण्याचा केक होता. व्हर्डेलने झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गेलास ते बरं केलंस, अलोन्झो. मला वाटलं होतं, टाळशील." मी केकचा तुकडा तोंडात टाकला. तोंडात घास असताना बोलू नये, असं मला लहानपणी शिकवलं आहे.

लग्न ऑक्टोबरात ठरलं, आमच्याच चर्चमध्ये. सासूबाईंनी निळा झगा शिवायला टाकला. अर्लीथा अजून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे एक गेला तर दुसरी आली, पण लग्नाला येते म्हणाली. पत्रिका कमीलने छापून आणल्या. सुंदर होत्या, सोनेरी अक्षरं, चर्चचा पत्ता घराच्या नंबरासकट. मी अभिमानाने शेवटपर्यंत वाचत गेलो. सगळ्यात खाली बारीक टाइपात एक ओळ होती, सोल्वेगने सुचवलेली, व्हर्डेलने मान्य केलेली.

'रस्ता सापडला नाही तर कोणालाही विचारा. कृपया वधूपित्याला विचारू नये.'